तेराव्या गुणसूत्राचं टोक

दर दुसऱ्या सोमवारी सकाळी दाता प्रयोगशाळेत शिरायचा, कोट खुंटीला लावायचा, डाव्या हाताची बाही वर सारायचा आणि "घ्या, अस्सल माल आहे," म्हणत खुर्चीत बसायचा. दहा मिलिलिटर रक्त. तो इथलाच शास्त्रज्ञ; त्याचं खरं नाव त्याच्या खोलीच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण पाठीमागे त्याला सगळे दाताच म्हणत. ते त्याला माहीत होतं आणि आवडतही होतं. शिरा टरारलेल्या, प्रकृती ठणठणीत, तीन पिढ्यांत कुणाला साधा दमा नाही. असा माणूस हाताशी असताना दुसऱ्या कुणाला कशाला टोचायचं? सहा वर्षं या प्रयोगशाळेत निरोगी माणूस म्हणजे दाता, असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या रक्ताचं पुढे काय करायचं ते त्याच्या बायकोकडे होतं. तिला दाणेवाली म्हणत. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, त्या दुभंगायला लागल्या की ऐन वेळी अडवायच्या आणि ओल्या काचपट्टीवर हातभर उंचीवरून थेंब टाकायचा. पेशी फुटते आणि तिची सेहेचाळीस गुणसूत्रं काचेवर पसरतात. त्यांच्यावर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा एक किरणोत्सारी तुकडा सोडायचा. तो आपल्यासारखाच मजकूर शोधून तिथे चिकटतो. मग अंधाऱ्या खोलीत काचेवर फोटोचं इमल्शन चढवायचं आणि काळ्या डब्यात घालून बारा दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. जिथे तुकडा चिकटला असेल तिथे चांदीचा एक बारीक काळा दाणा उमटतो. एका पेशीत दोन-चार दाणे, त्यातलेही निम्मे भलतीकडे पडलेले. म्हणून शंभर-दोनशे पेशी बघायच्या आणि छापील तक्त्यावर प्रत्येक दाण्याचं एक टिंब द्यायचं. जिथे टिंबांचा ढीग होईल ती जनुकाची जागा. डोळ्यांचं पार भुसकट पाडणारं काम!

दात्याचं काम वरच्या इयत्तेतलं. रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या आत जे पातळ अस्तर असतं, त्यातल्या कोलॅजेनचं जनुक त्याने उलगडलं होतं. पन्नासच्या वर कामाचे तुकडे, त्यांच्यामध्ये लांबच लांब निरर्थक मजकूर, आणि तुकडे सांधून प्रथिन बनलं की त्याची दर तिसरी कडी ग्लायसीन या अमिनो आम्लाची. यातली एक कडी बदलली तरी अस्तर फाटतं. हे सगळं तो सभेत फार सुरेख सांगायचा. सहा वर्षांत चार शोधनिबंध छापून आले आणि दाणे मोजणाऱ्या बाईचं नाव त्यातल्या एकावरही नव्हतं.

घरी तिची दुसरी मोजणी चालू होती. पाच गर्भ गेले होते. पहिला नवव्या आठवड्यात, दुसरा अकराव्या, तिसरा पुन्हा नवव्या. चौथा सात महिने टिकला. जन्मला तेव्हा नर्सने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कापड चेहऱ्यावर ओढलं. तो दीड दिवस जगला. सासूबाईंनी त्याला हातात घेतलं नाही. पाचवा कधी आला नि कधी गेला ते दाणेवालीने कुणाला सांगितलंच नाही, पण सासूबाईंना कपड्यांवरून कळलं. "आपण चाळणीत पाणी भरतोय," त्या मुलाला म्हणाल्या. आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. सून तिथेच भाजी चिरत होती.

तिसऱ्या वेळेनंतर तिच्या रक्ताची तपासणी झाली होती. दात्याच्या एका मित्राने केली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जागच्या जागी, स्वच्छ. "गुणसूत्रं चांगली आहेत, म्हणजे दोष गर्भाशयात," असं दात्याने घरी येऊन सांगितलं. जेवणं झाल्यावर तिने धीर करून विचारलं, "अहो, तुमचंही एकदा बघून घ्यायचं का?"

तो मोठ्याने हसला. "माझी गुणसूत्रं तू रोज भिंगाखाली बघतेस आणि मलाच विचारतेस? तूच सांग की. दिसलं काही?"

काही दिसलं नव्हतं. दाणे मोजणारा माणूस दाणे बघतो, त्याखालचं गुणसूत्र कुणाचं नि कसं हे कोण बघत बसतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती "नाही" म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचं ते 'नाही' हाच दात्याचा दाखला झाला. "आमच्या मुलात काही नाही हो," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "हिनेच स्वतः तपासलंय."

सहाव्या वर्षी टिंबांचे ढीग उभे राहिले. पण एक नाही, दोन. एक तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या अगदी टोकाला आणि दुसरा, जवळजवळ तेवढाच, दहाव्याच्या टोकाला. दाणेवालीने तक्ता सरांसमोर ठेवला. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली आणि नावावर एकही मोठा शोध नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोन जागा!" ते दात्याला म्हणाले. "या जनुकाला जुळी प्रत आहे रे. दहाव्यावर. आजवर कुणाला दिसली नाही ती." तक्ता आणणाऱ्या बाईकडे त्यांनी पाहिलंही नाही. महिन्याभरात निबंध लिहून पाठवला गेला.

त्याच महिन्यात घरात काडीमोडाचं ठरलं. दाता समजूतदार माणूस, आरडाओरडा त्याच्या स्वभावात नव्हता. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि पेनसुद्धा ठेवलं. "वकील माझ्या ओळखीचा आहे. भांडण नको, तमाशा नको. कारण काहीतरी द्यावं लागतं, म्हणून एवढंच वाक्य घातलंय."

वाक्य होतं: पत्नीच्या ठायी असलेल्या शारीरिक दोषामुळे अपत्यप्राप्ती होऊ शकली नाही.

दाणेवालीने ते तीनदा वाचलं. घर जाणार याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. त्या घरात जीव रमावा असं उरलंच काय होतं? पण ते वाक्य तिच्या घशाखाली उतरेना. दीड दिवसाच्या बाळाला एकटीने छातीशी धरून बसलेली बाई ती. आता त्याच्या मरणावर स्वतःच्या सहीचा शिक्का मारायचा होता. "मला महिनाभर द्या," ती म्हणाली. दाता म्हणाला, "घे की. घाई कुणाला आहे?" घाई सासूबाईंना होती. त्यांनी एक मुलगी बघूनही ठेवली होती.

आणि निबंध परत आला. सोबत चिठ्ठी होती. दुसऱ्या एका गटाने हेच जनुक शोधलं होतं आणि त्यांना फक्त तेरावंच दिसलं होतं, दहाव्यावर काही नाही. तुमच्या सगळ्या काचपट्ट्या एकाच माणसाच्या रक्ताच्या आहेत. दुसऱ्या कुणाच्या रक्तावर प्रयोग करून पाहा, मग बोलू.

सरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "घ्या दुसरं रक्त," ते ओरडले. "कुणाचंही घ्या!" कुणाचं घेणार? सर स्वतः चार प्रकारच्या गोळ्यांवर होते. काचा धुणाऱ्या मावशींनी "माझं आहे तेवढं मलाच पुरेना," म्हणून हात पदराखाली घेतले. तेव्हा दाणेवालीने बाही वर केली. टोचलं दात्यानेच. तीनदा सुई फिरवली तेव्हा रक्त आलं. "तुझ्या शिरासुद्धा धड नाहीत," तो पुटपुटला.

तीन दिवस, मग बारा दिवस. सोळाव्या दिवशी तिने स्वतःच्याच पेशी भिंगाखाली घेतल्या आणि टिंबं द्यायला लागली. आठवड्याने शंभर पेशी झाल्या. तेराव्याच्या टोकाला ढीग होता. दहाव्यावर चार चुकार दाणे, जसे कुठेही असतात तसे.

एकच जागा होती. मग दात्याच्या रक्तात दुसरी आली कुठून?

ती उठली, पाणी प्यायली आणि कपाटातून दात्याच्या जुन्या काचपट्ट्यांचा डबा काढला. आता ती दाणे बघणार नव्हती, दाण्यांखालचं गुणसूत्र बघणार होती. तेरावी गुणसूत्रं दोन, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. ती सारखी दिसतात, पण त्यांच्या डोक्यावर एक गाठ असते, ती कुणाची मोठी असते, कुणाची बारीक. दात्याच्या एका तेराव्याची गाठ चांगली ठसठशीत होती आणि दुसऱ्याची नावापुरती. सहा वर्षं ती दोन्ही तिच्या डोळ्यांखालून गेली होती. आता तिने दाणे वेगळे लिहायला घेतले: मोठ्या गाठीच्या तेराव्यावर किती, बारीक गाठीच्या तेराव्यावर किती.

चार दिवसांत दोनशे पेशी झाल्या. मोठ्या गाठीच्या टोकावर एकसष्ट दाणे. बारीक गाठीच्या टोकावर एकही नाही.

म्हणजे त्या बारीक गाठीच्या तेराव्याचं टोक जागेवर नव्हतंच. ते तुटून दहाव्याला जाऊन चिकटलं होतं आणि दहाव्याचं तेवढंच टोक इकडे आलं होतं. अदलाबदल अशी बेमालूम की कुणाच्या नजरेत येऊ नये. माणसाजवळ माल सगळा आहे, फक्त जागा बदलल्यात, म्हणून तो ठणठणीत. पण मूल होताना त्यातलं अर्धं द्यावं लागतं. कधी टोक जातं, कधी जात नाही. एखादा गर्भ यातून सुखरूप सुटतो. बाकीच्यांत एक टोक जास्त होतं, एक कमी पडतं, आणि ते नवव्या आठवड्यात जातात. नाहीतर सात महिने राहतात आणि दीड दिवस जगतात.

तिला रडू आलं नाही, संताप आला. आधी दात्याचा, आणि मग त्याहून जास्त स्वतःच्या त्या एका 'नाही'चा.

दात्याला तिने त्याच्याच खोलीत गाठलं. तक्ता टेबलावर ठेवला, काचपट्टी भिंगाखाली लावली आणि दार लावून घेतलं. तो खरा शास्त्रज्ञ होता, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो भिंगात बघत राहिला.

"अजून कुणी बघितलंय?" त्याने विचारलं.

पहिला प्रश्न हा! मुलांचा नाही, तिचा नाही, स्वतःचासुद्धा नाही.

"कुणी नाही."

"सरांना सांगू नकोस. आणि आईला तर मुळीच नाही. तिला झेपायचं नाही हे."

"मला झेपलं?" ती म्हणाली. "पाच वेळा? तुमच्या आईने मला चाळणी म्हटलं तेव्हा तुम्ही भात कालवत होता."

"हळू बोल." त्याने दाराकडे बघितलं आणि मग खुर्ची तिच्याजवळ ओढली. आवाज त्याचा सभेतला झाला, सुरेख. "हे बघ, झालं ते झालं. मला काय माहीत होतं का? तुला तरी दिसलं का? आपण दोघांनीही चूक केली. आता नीट मार्ग काढू. ते वाक्य मी काढून टाकतो. परस्पर संमतीने, एवढंच लिहू. नोकरी तुझी राहील, मी सरांशी बोलतो. आणि हा निबंध नव्याने जाईल, एकच जागा, तेरावं. त्यावर तुझं नाव घालतो. माझ्यानंतर लगेच. फक्त हे तुझ्या-माझ्यातच राहू दे."

इथे तिने दार उघडून ओरडायला हवं होतं. मावशींना, सरांना, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं. पण पाच वर्षं घरात मान खाली घालून वावरलेल्या बाईचा आवाज एका दिवसात परत येत नाही. आणि खोटं कशाला बोला, तिला ते नाव हवंहवंसं वाटलं. छापील, कायमचं. वाक्य जाईल, नाव येईल. तिला वाटलं, एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

"लिहून द्याल?" तिने विचारलं.

"माझ्यावर विश्वास नाही?" दाता म्हणाला, आणि तिला वाईट वाटेल असा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा कपाटातला डबा नव्हता. धुण्याच्या खोलीत मावशी रबरी हातमोजे चढवून आम्लाच्या टाकीतून काचपट्ट्या उपसत होत्या. लखलखीत, कोऱ्या.

"साहेबांनी सकाळीच आणून दिल्या," मावशी म्हणाल्या. "म्हणाले, जुन्या काचा वाया कशाला घालवायच्या. एवढे काटकसरी कधीपासून झाले गं तुझे साहेब?"

कागदावर सही झाली. वाक्य खरंच काढलं होतं, तेवढा शब्द त्याने पाळला. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. "सुंठीवाचून खोकला गेला," त्या शेजारणीला म्हणाल्या. दाणेवालीच्या जिभेवर सगळं आलं होतं. मोठी गाठ, बारीक गाठ, एकसष्ट आणि शून्य. मागे दाता उभा होता, हातात तिची छत्री घेऊन. त्याने छत्री दिली आणि हळूच मान हलवली, नको म्हणून. ती जिना उतरली.

सोमवारच्या खुर्चीत आता ती बसायला लागली. दात्याने "वय झालं आता, अशक्तपणा येतो," असं सांगून हात काढून घेतला होता. "दाणेवालीचं रक्त अस्सल निघालं बरं का," सर थट्टेने म्हणायचे. नव्या प्रयोगांची निरोगी व्यक्ती म्हणून तिचीच गुणसूत्रं काचेवर पसरत होती, आणि तिच्या एका खोलीच्या घराचं भाडं त्याच नोकरीतून निघत होतं.

आठ महिन्यांनी एका दुपारी ती मुलगी आली. सासूबाईंनी बघून ठेवलेली. शाळेत भूगोल शिकवायची. हाताला खडू लागलेला तसाच होता. दाता त्या दिवशी बाहेरगावी व्याख्यानाला गेला होता, आणि ते बघूनच ती आली होती.

"मी आगाऊपणा करतेय, मला कळतं," ती स्टुलाच्या कडेवर बसत म्हणाली. "पण लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि घरी मला कुणी सरळ सांगत नाही. ताई, तुमची मुलं गेली, ती का गेली? दोष कोणात होता? तुम्ही म्हणाल ते मी खरं मानेन."

मुलगी चांगली होती. डोळ्याला डोळा देऊन विचारत होती. आजवर एवढ्या सरळपणे तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, ना नवऱ्याने, ना डॉक्टरांनी, ना तिच्या सख्ख्या बहिणीने. आणि नेमका त्याचाच तिला राग आला. हिला विचारता येतं. आपल्याला कुणाला विचारायची सोय होती? निबंध छापायला गेला होता, महिन्याभरात येणार होता, त्यावर आपलं नाव असणार होतं. आता बोललं तर नाव जाणार, नोकरी जाणार. शिवाय पुरावा तो कुठला? काचा धुऊन झाल्या होत्या. याहून वाईट विचारही मनात आला, आणि तो तिने ढकलून दिला नाही. भरू दे त्या म्हातारीला चाळणीत पाणी पुन्हा. बघू दे कपडे. मोजू दे आठवडे. एखादा गर्भ सुटतोही, काय सांगावं; हिचं नशीब चांगलं असलं तर पहिलाच सुटेल.

"दोष माझ्यात होता," ती म्हणाली.

ज्या वाक्याखाली सही करायची नाही म्हणून ती महिनाभर अडून बसली होती, ते तिने तोंडाने सांगितलं. कुणी दंडाला धरलं नव्हतं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दाणेवालीचा हात धरला. "सॉरी, ताई. मी असं विचारायला नको होतं." जाताना दारातून परत वळून तिने नमस्कार केला.

लग्न झालं. पाठोपाठ निबंध आला. शीर्षक लांबलचक होतं: मानवी कोलॅजेनच्या एका जनुकाची रचना आणि गुणसूत्रावरील स्थान. खाली नावं. सर, दाता, आणि पूर्वी दाणेवालीचं रक्त तपासणारा त्याचा तो दुसऱ्या संस्थेतला मित्र, ज्याने या वेळी फोटो काढून दिले होते. दाणेवालीने पान उलटलं, परत उलटलं. शेवटी बारीक अक्षरात आभार होते: काचपट्ट्या तयार करण्यात साहाय्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे. आणि पद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ होती: रक्त एका निरोगी स्त्रीकडून घेतले.

ती दात्याच्या खोलीत गेली. त्याने मान वर करायला जरा वेळच लावला.

"सरांनी ऐकलं नाही," तो म्हणाला. "तंत्रज्ञांची नावं घालायचा आपल्याकडे रिवाज नाही म्हणाले. मी भांडलो गं, पण..."

"मग मीही सांगते सगळं. सरांना, तुमच्या आईला. तुमच्या बायकोला."

दात्याने पेनाला टोपण लावलं. तो चिडला नाही, हे सगळ्यात वाईट. "सांग ना," तो म्हणाला. "तिला तू काय सांगितलंस ते तिने मला लग्नाआधीच सांगितलंय. रडत सांगितलं, तुझं फार कौतुक वाटलं तिला. आता तू उलटं सांगणार, टाकलेली बायको, काचा नाहीत, काही नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतील लोक. मी तुझ्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण लोकांचं तोंड मी कसं धरू?"

तोंड तिने स्वतःच बांधून त्याच्या हातात दिलं होतं. ती परत आली, मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि अर्धवट राहिलेली काचपट्टी लावली. दुसरीकडे कुठे जाणार?

पावणेदोन महिने गेले. भूगोलाची बाई पुन्हा आली. या वेळी दाता बाहेरगावी नव्हता, वरच्या मजल्यावरच होता, पण ती आधी इथे आली. चेहरा फुलून आला होता. मावशी धुतलेल्या काचा पुसत होत्या, त्या गालात हसल्या आणि मुद्दाम बाहेर गेल्या.

"ताई, तुम्हाला पहिल्यांदा सांगावंसं वाटलं," ती म्हणाली. "अजून सासूबाईंनाही सांगितलं नाही. आठवा आठवडा आहे."

दाणेवालीने मनात आठवडे मोजले. आठवा.

सोळाव्या आठवड्यात गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासता येतं. त्यातल्या पेशींवर तोच तुकडा सोडायचा, आणि दहाव्याचं टोक, तेराव्याचं टोक, दोन दिवस बघितलं की कळतं. दात्याखेरीज हे या साऱ्या शहरात एकाच माणसाला सांगता येण्यासारखं होतं, आणि तो माणूस स्टुलावर बसून होता. सात महिने वाट बघून नर्सच्या हातातलं कापड बघायची वेळ या मुलीवर न येऊ देणं एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य काढायचं तर त्याच्या आधी दुसरं एक वाक्य सांगावं लागलं असतं: मी त्या दिवशी तुला जाणूनबुजून खोटं सांगितलं.

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच मी हो म्हटलं," मुलगी म्हणत होती. "नाहीतर माझा धीर झाला नसता. एवढं स्वतःवर घेऊन दुसऱ्याला खरं कोण सांगतं? ताई, तुम्ही यातून गेलात. पहिल्या महिन्यांत काय जपायचं असतं? मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही."

तिने हात पुढे केला आणि दाणेवालीचा हात धरला, मागच्यासारखाच. तळवा गरम होता. वरच्या मजल्यावर दात्याच्या खुर्चीचा आवाज झाला. दाणेवालीने हळूच आपला हात सोडवून घेतला आणि भिंगाची फिरकी उगाच थोडी फिरवली.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "जिना जरा जपून उतरत जा."